रोमचा तास

वसंतराव टिपणीसांना त्यांचंच वाक्य एका परक्या बाईने ऐकवलं, तेही डॉक्टर दत्तप्रसादांच्या क्लिनिकमध्ये, रक्तदाब तपासायला म्हणून ते खुर्चीत टेकलेले असताना. बाईचं नाव रुचा. पोर्टमध्ये नव्याने आलेल्या एका प्लॅनरची बायको, जुलैत अमिरातीतल्या खोर फक्कानला उतरलेली, मांडीवर झोपाळलेलं बाळ. आतून सिस्टर प्रभावती बाहेर आली, हातात ट्रे, चेहऱ्यावर ते नेहमीचं मऊ हसू, आणि म्हणाली, "चला, बाळाचं ट्रिपल देऊन टाकू." रुचाने बाळावर ओढणी ओढली. "नको. डॉक्टरच देतील. थांबते मी." प्रभावती ट्रे घेऊन आत गेली. वसंतरावांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, घाई होती म्हणून नाही, कंटाळा होता म्हणून, "का हो? सिस्टरचा हात तर हलका आहे." तेव्हा रुचा त्यांच्याकडे सरकली. "काका, तुम्हाला माहीत नाही? हिचे ते ख्रिश्चन लोक शुक्रवारी दार लावून जमतात ना, तिथे लहान मूल पिठात घोळवून ठेवतात म्हणे. नवीन माणसाला कळू नये म्हणून. त्यालाच सुरी चालवायला सांगतात. एकदा चालवली की तो जन्माचा त्यांचा." वसंतरावांनी पेपर खाली घेतला. कुणी सांगितलं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांनाच माहितीये. मला तर आल्या आल्या बिल्डिंगमधल्या बायकांनी सांगितलं."

वाक्य जसंच्या तसं होतं. 'पिठात घोळवून' हे त्यांचं, 'जन्माचा त्यांचा' हेही त्यांचं. शेवटी जरा थांबून आवाज खाली आणायची लकबसुद्धा कुणाकुणाच्या तोंडातून फिरत ह्या पोरीपर्यंत आली होती. फक्त रोम गळून पडलं होतं. वसंतरावांचा रक्तदाब त्या दिवशी चांगलाच वर निघाला, पण त्यांना राग आला असं म्हणणं खोटं ठरेल. आधी त्यांना गंमत वाटली. आपण फेकलेली वस्तू लोकांनी उचलून घरात मांडलेली दिसावी, तशी एक बारीक, हलकट गंमत. मग किळस आली, आणि ती किळस, नेहमीप्रमाणे, लोकांची आली. गाडीत बसून त्यांनी एसी पूर्ण सोडला, समुद्राकाठच्या रस्त्याला लागले, उजव्या हाताला बंदरात शिरायची वाट बघणारी जहाजं, डाव्या हाताला ते उघडे काळे डोंगर, आणि ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "अरे गाढवांनो, दोन हजार वर्षं झाली. बदनामी करायची तर एखादी नवीन तरी शोधा!"

खोर फक्कानमध्ये मराठी घरं मूठभर. पोर्टमधले, शिपिंग एजन्सीतले, एकदोन काँट्रॅक्टर, आणि कॅम्पात राहणारी कोकणातली पोरं, ज्यांना मंडळ फक्त मंडप घालायच्या वेळी बोलावायचं. ह्या मंडळाबद्दल वसंतरावांचं मत कुणालाही विचारावं लागत नसे. ते उपाध्यक्ष होते, कारण उपाध्यक्षाला काही काम नसतं, आणि मागच्या रांगेत बसून बायकोच्या, विद्युल्लतेच्या, कानात हळूच शेरे मारायला ती जागा सोयीची होती. भावगीतांच्या कार्यक्रमाला त्यांनी 'सामूहिक पडसं' म्हटलं होतं. पाककृती स्पर्धेला 'बेसनाची शोकसभा'. ती पदर तोंडाला लावून हसायची. त्या वर्षीच्या पाडव्याला मंडळाची सहल गेली होती डोंगरातल्या एका 'वादी'त, म्हणजे खडकाळ खोऱ्यात, जिथे बारा महिने पाण्याची एक बारीक धार वाहते आणि लोक तिला धबधबा म्हणतात. जेवणं झाली, चटया पसरल्या, आणि मंडळाचा तो लाडका खेळ निघाला: स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, ज्याला जे येईल ते त्याने करायचं. कुणी लावणी म्हटली, कुणी सासूची नक्कल केली, डॉक्टर दत्तप्रसादांना, जे मंडळाचे अध्यक्षही, उंटासारखं चालायला लागलं. वसंतरावांच्या चिठ्ठीत निघालं, 'मास्तर व्हा, एक तास घ्या.'

ही चिठ्ठी मुद्दाम त्यांच्यासाठी टाकलेली होती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एके काळी वसंतराव अलिबागच्या कॉलेजात इतिहास शिकवत. ग्रीस आणि रोम. मागच्या बाकांवर झोपलेली मुलं, पुढच्या बाकांवर 'सर, हे परीक्षेला आहे का' विचारणाऱ्या मुली, आणि मध्ये आपण, संपूर्ण साम्राज्य तोंडपाठ असलेले. त्यांनी त्या मुलांचा तिरस्कार केला, मग प्राचार्यांचा, मग अलिबागचा, आणि मेहुण्याच्या ओळखीने इकडे येऊन ते गोठवलेल्या कोंबड्यांच्या कंटेनरची कागदपत्रं तपासू लागले. ह्या उतरणीचा तिरस्कार मात्र कुणाच्या नावावर टाकायचा हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं. त्या दिवशी चटईवर उभे राहिल्यावर त्यांना वर्गाचा तो जुना वास आला, खडूचा आणि ओल्या छत्र्यांचा, आणि अंगात काहीतरी चढलं. समोर सरबताचा जग होता, विमटोचा, ते लालजांभळं, इकडे रमजानात घराघरात असतं ते. शेजारी उरलेले खुबूस, इकडच्या जाडसर रोट्या. वसंतरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते रोमन नागरिक झाले, पोट सुटलेला, चिडका, शेजाऱ्यांवर डोळा ठेवणारा. "लोकहो! आपल्या गल्लीत ही नवी जमात आली आहे. ह्यांना देव नाही! मूर्ती नाही, नैवेद्य नाही. नास्तिक आहेत लेकाचे! नवरा-बायको एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात, आणि पुढचं काय ते तुम्ही समजून घ्या. आणि दार लावून हे काय खातात?" इथे त्यांनी खुबूस वर धरला. "पिठात घोळवून ठेवलेलं मूल! नव्या माणसालाच सुरी चालवायला सांगतात. एकदा चालवली की," जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला, "तो जन्माचा त्यांचा! आणि काय पितात?" जग वर धरला. मुलं किंचाळली. शहनाझ नावाची एक शेजारीण, मंडळाची पाहुणी म्हणून आलेली, हसून हसून रडली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हशा अजून थोडा वाढणार होता, त्यांना दिसत होतं तो वाढताना, आणि त्यांनी डोळा मारून म्हटलं, "कधी? दर शुक्रवारी सकाळी. किसनच्या फ्लॅटसारख्या एखाद्या फ्लॅटात." रोममध्ये कसला शुक्रवार आणि कसला फ्लॅट! पण सगळ्यात मोठा हशा त्या वाक्यालाच आला. एक पोरगं ओरडलं, "अंकल, डू द ब्लड वन अगेन!"

विद्युल्लता त्या दिवशी हसली नव्हती. चटईच्या कडेला बसून ती भांडी आवरत होती. तिला दर शुक्रवारी सिस्टर प्रभावतीच्या नवऱ्याच्या, किसनच्या, फ्लॅटात जायची सवय लागून वर्ष होऊन गेलं होतं, आणि हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची सुरुवात तिच्या ऑपरेशनपासून झाली. गर्भाशय काढल्यावर ती फुजैराच्या हॉस्पिटलातून घरी आली आणि रडू लागली. कारण नाही, काही नाही, भाजी चिरताना, फोनवर, वाळत घालायचे कपडे हातात घेऊन. लेक पर्णिका पुण्याला हॉस्टेलात. वसंतरावांनी पहिला आठवडा समजूत घातली, दुसऱ्या आठवड्यात ते 'हॉर्मोन्स' असं म्हणून ऑफिसात उशिरापर्यंत बसू लागले. ड्रेसिंगला यायची ती प्रभावती. नगरकडची, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती, नवरा किसन पोर्टवर क्रेन चालवायचा. ती ड्रेसिंग करायची, मग बसायची, काही न बोलता विद्युल्लतेचा हात धरून बसायची, आणि जाताना विचारायची, "ताई, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालंल का?" चालेल म्हणाली ही. मग शुक्रवारी जाऊ लागली. कुंकू लावूनच जायची, घरी गणपतीला मोदकही तीच करायची, आणि ह्या दोन्हींत तिला काही अडचण दिसत नव्हती. वसंतरावांना ती अडचण दिसायची. त्यांना तो वैचारिक गबाळेपणा वाटायचा. "एक काहीतरी धर," ते म्हणायचे, "मूर्खपणालासुद्धा शिस्त लागते." ती म्हणायची, "मला तिथे बरं वाटतं."

आणि तिथे काय चालतं हे ह्या गावात जर कुणा बाहेरच्याला डोळ्यांनी माहीत होतं, तर ते वसंतरावांना. एकदा तिला आणायला गेले होते, लवकर पोचले, खाली उन्हात गाडी तापलेली, वर गेले. दार लावलेलं होतं कारण एसी चालू होता. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मक्केच्या दिशेचा बाण (घरमालकाने काढू दिला नव्हता), टीपॉयवर क्रोशाचा रुमाल. पोर्टवरचे दोघं-तिघं, एक मराठी बोलणारी गोव्याची स्वयंपाकीण, दगडू नावाचा एक लॅशिंगवाला, जहाजावर कंटेनर बांधणारा, जो नीट वाचूही शकत नव्हता आणि तरी पुस्तक उलटं न धरता सुलटं धरून बसला होता. किसन पेटी वाजवत होता, वाईट. अभंगाच्या चालीवर काहीतरी गाणं. मग त्यांनी प्रार्थना केल्या: कुणाच्या पोरीच्या दहावीसाठी, कुणाच्या आईच्या मोतीबिंदूसाठी, क्रेनच्या वायर दोरासाठीसुद्धा. वसंतराव जळजळीत काहीतरी पाहायला आले होते. त्यांना जांभया आल्या. शेवटी प्रभावतीने बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आणलेला खुबूस तोडून वाटला आणि द्राक्षारसाऐवजी स्टीलच्या इवल्या भांड्यांतून विमटो, येशूचं शरीर आणि रक्त म्हणून. दारू ह्या अमिरातीत मिळतही नाही आणि प्रभावतीला चालतही नव्हती. एक भांडं त्यांच्यापुढेही आलं. "भाऊ, तुम्ही नका घेऊ हे, पण थंड पाणी देते," ती म्हणाली. त्या 'भाऊ'ने त्यांचं डोकं फिरलं होतं. ह्या बाईचा चांगुलपणा त्यांना सहनच होत नसे. चांगुलपणात तिला कसली मेहनत पडताना दिसत नव्हती. घरी येताना त्यांनी सगळ्यांच्या नकला केल्या, किसनच्या पेटीची, दगडूच्या पुस्तकाची.

क्लिनिकमधली गोष्ट त्यांनी तिला जेवताना सांगितली, रंगवून, रुचाच्या ओढणीसकट. "आहे की नाही कमाल? माझं लेक्चर अलिबागेत कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि इथे बघ, पाठ!" विद्युल्लतेने घास खाली ठेवला. तिने विचारलं, "तुम्ही त्या मुलीला सांगितलंत ना, की ते तुम्हीच रचून सांगितलं होतं?" नाही सांगितलं. "का?" वसंतरावांनी हात झटकले. अशा गोष्टींना उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या पातळीवर उतरायचं. जो माणूस असं मानू शकतो त्याला तू पुरावा काय देणार? विमटोची बाटली? आपण खुलासा करायला लागलो की त्या मूर्खपणाला आपण प्रतिष्ठा देतो. हे सगळं ते बोलले आणि ऐकायला ते चांगलंही वाटलं. विद्युल्लता म्हणाली, "क्लिनिकमध्ये बाळांच्या आया तिच्या हातून सुई देऊ देत नाहीयेत. महिना झाला." तिला आधीपासून माहीत होतं तर. महिनाभर ही बाई हे घेऊन ह्याच टेबलावर जेवत होती आणि त्यांना एका शब्दाने बोलली नव्हती, ह्याचा वसंतरावांना भयंकर राग आला.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी प्रभावती स्वतः आली. दारातच चपला काढून, पर्स छातीशी धरून. बस म्हटल्यावर बसली. "साहेब, डॉक्टर म्हणले, पेशंट तुटायला लागलेत. तुमचा काही दोष नाही म्हणले, पण अशानं माझं क्लिनिक बसंल. गणपती झाले की ठरवतो म्हणले." ठरवतो म्हणजे व्हिसा कॅन्सल. व्हिसा क्लिनिकवर, किसनचा करार पोर्टच्या लेबर सप्लायवर, त्याच्या जिवावर कुटुंब ठेवता येत नाही; दोन मुली इथल्या शाळेत. हे तिने रडत नाही सांगितलं, पेशंटची हिस्टरी सांगावी तसं क्रमाने सांगितलं. "कोण उठवतंय तेवढंच कळंना. आम्ही कुणाचं काय वाईट केलं?" वसंतराव म्हणाले, "मूर्ख लोक आहेत. दुर्लक्ष करा."

"दुर्लक्ष करायला पगार चालू लागतो, साहेब."

विद्युल्लता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात तांदळाच्या पिठाचे. "ती गोष्ट ह्यांची आहे," ती म्हणाली. "पाडव्याच्या सहलीत ह्यांनी सांगितली. गंमत म्हणून. तुमच्या फ्लॅटचं नाव घेऊन." वसंतरावांना वाटलं, आता ही बाई उठेल, ओरडेल, किंवा, त्याहून वाईट, क्षमा करेल. तिच्या त्या मऊ हसण्याने 'भाऊ, देव तुमचं भलं करो' म्हणेल आणि आपल्याला ते ऐकावं लागेल. प्रभावतीने पर्स काखेत घेतली. मग म्हणाली, "मग तर बरंच झालं की. ज्यानं सांगितलं त्यानंच सांगावं, खोटं होतं म्हणून. शुक्रवारी सगळे जमतेत, डॉक्टरबी असतेत. तुम्ही प्रोफेसर माणूस, तुमचं ऐकतील." आणि उठली. क्षमेचं नावही तिने काढलं नाही. वसंतरावांना हे इतकं लागलं की ते 'हो' म्हणून बसले.

शुक्रवारपर्यंत ते मनात भाषण घडवत राहिले. ऑफिसात कागदांवर सह्या करताना, सिग्नलला, आंघोळीत. सुरुवात रोमपासून की सरळ? 'मित्रहो' की 'मंडळी'? रोममधले ते सुटलेल्या पोटांचे नागरिक, ज्यांची त्यांनी नक्कल केली होती, आता त्यांच्या डोळ्यांसमोर मंडळाच्या सभासदांच्या शर्टांत येऊ लागले. अलिबागला ते हा भाग फार थंडपणे शिकवायचे. पहिल्या ख्रिस्त्यांवरचे तीन आरोप: देवहीनता, अगम्यगमन, नरमांसभक्षण, लिहून घ्या. पुढे, न्यायाधीशासमोर आणल्यावर त्यांना सुटायला फार काही करावं लागत नसे. देवाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा, की मोकळे. 'फक्त चिमूटभर, आणि तरी काही जण टाकत नसत,' असं ते वर्गात म्हणायचे आणि खांदे उडवायचे. मुलं लिहून घ्यायची, खांदे सोडून. तेव्हा त्यांना धूप टाकणारे शहाणे वाटायचे, न टाकणारे हट्टी, आणि दोघांहून वर, खिडकीशी, खडूची बोटं पुसत उभे असलेले आपण.

पाचव्या दिवसाचा गणपती. कंपनीचा रिक्रिएशन हॉल, थर्मोकोलचं मखर, खिडक्यांना पडदे कारण आवाज बाहेर जायला नको. बायका पैठण्यांत, पुरुष झब्ब्यांत, मुलं इंग्रजीत भांडणारी. विद्युल्लतेने ह्याही वर्षी मोदक करून आणले होते. डॉक्टर दत्तप्रसाद गोरेगोमटे, घामेजलेले, सगळ्यांशी गोड. वाईट माणूस नव्हे तो, वसंतरावांनी त्याला कधी वाईट म्हणण्याइतपतही मोजलं नव्हतं. आभार वगैरे झाल्यावर वसंतराव उठले आणि म्हणाले, "मला दोन मिनिटं बोलायचंय." आणि बोलले. बरं बोलले, हे कबूल करायला हवं. म्हणाले, सिस्टर प्रभावतींबद्दल जे गावभर चाललंय ते खोटं आहे, मी सहलीत गंमत म्हणून सांगितलेली रोममधली गोष्ट आहे, मी त्यांच्या घरी स्वतः बसून आलोय, तिथे खुबूस असतो आणि विमटो असतं आणि भयंकर कंटाळा असतो. थोडा हशा झाला. त्यांना हुरूप आला. आणि मग प्लॅनर, रुचाचा नवरा, हात वर करून म्हणाला, "सर, पण दॅट इज द पॉइंट ना? तुम्हीच प्रोफेसर म्हणून सांगितलंत की त्या लोकांवर हा आरोप दोन हजार वर्षं आहे. इतकी वर्षं लोक उगाच का म्हणतील? काहीतरी असणारच."

"अहो, पण तो आरोप खोटा होता!"

"होय, पण सगळाच खोटा कसा असेल?" मागून कुणी बाई म्हणाली. आणखी एक जण, काँट्रॅक्टर, पोटावर हात ठेवून, आदराने म्हणाला, "टिपणीससाहेब, आम्ही समजतो. वहिनी तिथे जातात. नवऱ्याने बायकोसाठी एवढं स्वतःवर घ्यावं, हे सोपं नाही." आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हॉलभर टाळ्या झाल्या. वसंतराव उभे. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या मंडळासमोर सरळ बोलले होते आणि मंडळ त्यांची कीव करत होतं, प्रेमाने, टाळ्या वाजवून. वीस वर्षं ज्यांना त्यांनी मोजलं नाही ते आता त्यांना समजून घेत होते. त्यांना वाटलं ओरडावं, अरे नतद्रष्टांनो, मी तुम्हाला हसवत नव्हतो, तुम्हाला हसत होतो, सगळा वेळ तुम्हालाच हसत होतो! हे म्हटलं असतं तर कदाचित पटलंही असतं. त्यांनी घसा खाकरला आणि ते खाली बसले.

मग विद्युल्लता उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ते खरं सांगतायत. माझ्यासाठी नाही. मी दर शुक्रवारी जाते, तो खुबूस खाते, ते विमटो पिते. मला मूल काही दिसलं नाही. मी आजारी होते तेव्हा तुमच्यातलं कुणी आलं नाही, ती आली." कुठेतरी एक बांगडी वाजली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि वसंतरावांनी ती नजर ओळखली: किंचित वाकडं तोंड, किंचित करमणूक, आणि हे आपल्यातलं नव्हे ह्याचं समाधान. ती त्यांची स्वतःची नजर होती. ती आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पडली होती आणि थोडी त्यांच्यावरही सांडत होती. त्यांनी पाय जवळ घेतले.

डॉक्टर दत्तप्रसाद हसत पुढे आले. "वहिनी, कशाला एवढं! तुम्ही आपल्याच आहात. असं करा, आजची आरती तुम्ही करा. दरवर्षी तुम्हीच करता. सगळ्यांना दिसू दे, तिथे जाऊनसुद्धा माणूस आपलाच राहतो. विषय खलास. मग सिस्टरबद्दल मलाही कुणी काही म्हणणार नाही." त्यांनी ताट तिच्यापुढे धरलं, निरांजन लावलेलं, बाजूला धूप. मनापासून धरलं. हा धडा वसंतरावांना पाठ होता. घे, ते मनात म्हणाले. घे, बाई, मोदक केलेस ना, मग ताट काय जड आहे? विद्युल्लतेने ताटाकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं, त्याला नमस्कार केला, नीट, डोळे मिटून. मग म्हणाली, "आज नाही घेणार मी. आज घेतलं तर देवाची आरती व्हायची नाही, प्रभावतीची चौकशी व्हायची. पुढच्या वर्षी द्या, आनंदाने घेईन."

आणि ती खाली बसली. कुजबुज उठली, आता मोकळी, उघड. "बघितलंत?" कुणीतरी म्हणालं. डॉक्टरांचा हात ताटासकट हवेत राहिला होता. तेल एका बाजूला कलत होतं. त्यांनी ताट थोडं वळवलं. "मग टिपणीससाहेब, तुम्ही घ्या. घरातलं कुणीतरी." विद्युल्लतेने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, आज्ञाही नव्हती. ती नुसती बघत होती, काय करतात ते. आता नुसतं बसून राहायचं होतं. आयुष्यभर वसंतराव प्रत्येक आरतीला बसून राहिले होते, तत्त्व म्हणून, छाती पुढे काढून, आणि कुणाची काही म्हणायची टाप नव्हती. आज बसून राहिलं तर ते हिच्या शेजारी बसणं होणार होतं. सगळा हॉल बघत होता. वसंतराव उठले. ताट त्यांच्या हातात आलं, वाटलं होतं त्यापेक्षा गरम. झांजा सुरू झाल्या, खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले, मुलंसुद्धा, आणि त्या उभ्या लोकांमध्ये एकच बाई हात मांडीवर ठेवून बसलेली होती. वसंतरावांना पहिल्या ओळीपुढे शब्द येत नव्हते. ते नुसते ओठ हलवू लागले, आणि मागून काँट्रॅक्टर त्यांच्यासाठी मोठ्याने गाऊ लागला. डॉक्टर टाळ्या वाजवत त्यांच्या जवळ सरकले आणि कानाशी तोंड आणून, खरोखर कृतज्ञतेने, म्हणाले, "थँक यू हं, साहेब. सिस्टरला काढायचं आता मला सोपं झालं."

वसंतरावांना ते नीट ऐकू आलं. ते ताट ओवाळत राहिले.